अठ्ठावीस उंबरठे

मी मूळचा संगमेश्वराकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, बाबांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो, भिंत ओळंब्यात कशी घ्यायची ते शिकलो, आणि इथे दुबईकडे आल्यावर काय सांगू तुम्हाला, मला काम मिळालं नव्या भिंती जुन्या करायचं. हसू नका, खरंच असतं तसं काम. समुद्रकाठी एक हॉटेल होत होतं, त्यात इटलीतलं डोंगरावरचं गाव उभं करायचं होतं. चढत्या गल्ल्या, दगडी पायऱ्या, अठ्ठावीस दारं. दारामागे काही नाही हं, नुसती भिंत. पण दार तीनशे वर्षांचं दिसलं पाहिजे.

दुबईच्या पुढे उम्म अल कुवैन म्हणून गाव आहे, तिथल्या खोलीवरून कंपनीच्या बसने रोज जायचो. फोटो बघून ग्राइंडरने पायऱ्या मधोमध झिजवल्या, चढणाऱ्याचा हात भिंतीला जिथे लागेल तिथे काळपट रंग फासला, कोपऱ्यात हिरव्या रंगाने शेवाळ रंगवलं. व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. फोरमन बिहारचा, तो म्हणायचा, राजाराम, मॅडम पास करेगी तो रिन्यू, नहीं तो खलास, गाव जाके आम बेचो.

ही मॅडम इटलीची, तशाच एका डोंगरगावात जन्मलेली, काम अस्सल दिसतं का ते बघायला हॉटेलवाल्यांनी आणलेली. ती आली, हात लावत लावत गल्ली चढली, खूश दिसली. मग एका दारापाशी थांबली. दुसऱ्यापाशी. तिसऱ्यापाशी. विचारलं, पायऱ्या एवढ्या झिजल्यात, मग उंबरठे असे कोरे करकरीत कसे? फोरमन माझ्यावर उखडला, अरे राजाराम, ये लोग क्या उडके घर में जाते थे?

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो. फोटोत उंबरठे नीट दिसत नव्हते, आणि आपल्याकडे उंबरठ्यावर पाय देतं का कुणी? लहानपणी चुकून दिला तर आई पाठीत धपाटा घालायची. जो ओलांडायचा, तो झिजेल कसा? घाबरत घाबरत हे हिंदीत सांगितलं, फोरमनने तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. मला वाटलं, गेली नोकरी.

बाई रागावली नाही. तिथेच धुळीत पायरीवर बसली आणि मोबाईलवर तिच्या आईचं घर दाखवलं. उंबरठा झिजून असा खोलगट, की पावसाचं पाणी साचलं तर चिमणी पिऊन जाईल. म्हणाली, आई रोज संध्याकाळी ह्यावर उभी राहते, समोरची तिच्या उंबरठ्यावर, गल्ली एवढी अरुंद की मिठाची वाटी हातातल्या हातात देता येते. लोक बुरूज बघतात, दरीचे फोटो काढतात आणि निघून जातात. मी सांगते, संध्याकाळी जा, गल्ली चढा, दम लागला की थांबा, कुणीतरी दारातून विचारेलच, कुणाकडचे तुम्ही, जेवलात का? तेवढ्यासाठी जावं त्या गावाला. फोरमन एकेक वाक्य मला हिंदीत सांगत होता, सांगता सांगता त्याचाही आवाज बारीक झाला. तोही घरापासून लांबच की.

आमच्या खोलीत आम्ही आठ जण. पण एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, जे जागे असतात त्यांच्या कानात इयरफोन. जेवलास का म्हणून मला कुणी विचारल्याला किती दिवस झाले, आठवेना.

तीन दिवसांत उंबरठे झिजवले. कुणी बघत नाही असं बघून प्रत्येकाला आधी हात लावला, तो कपाळाला लावला, मगच ग्राइंडर. सगळे सारखे नाही केले. इथे जाडी बाई उभी राहत असेल, इथे डावीकडे टेकून म्हातारा. एका दाराचा थोडाच झिजवला, म्हटलं ह्या घरातली माणसं लवकरच परदेशी गेली असतील.

मॅडमने पास केलं. देव तिचं भलं करो, तिच्या आईच्या पायांना बळ देवो. व्हिसा रिन्यू झाला. बायकोला, सुलभाला, लगेच व्हिडिओ कॉल केला, झालं गं काम. ती म्हणाली, बरं झालं, उद्या देवाला नारळ देते. मग तिने पदराने फोनची काच पुसली. म्हणजे पुन्हा दोन वर्षं, ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. दोनच वर्षं.