टेबलाखालचा नमस्कार

आमचा मंदार म्हणजे अकलेचा कांदा आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका हॉटेलात भुताच्या सिनेमांतली एक म्हातारी ब्रिटिश नटी चाहत्यांना भेटायला आली होती. बाईंचं सगळं करिअर किंचाळण्यावर उभं. रांगेत हा मला शिकवतोय, "ओरडणं नाही रे, साधना आहे ती!"

आमचा नंबर आला. बोलायचं सोडून हा पठ्ठ्या नमस्कार करायला थेट टेबलाखाली शिरला आणि त्याने बाईंचे पाय धरले. बाई अशा किंचाळल्या की सिक्युरिटीवाला धावत आला. मी "सॉरी, आमच्यात मोठ्यांच्या पाया पडतात" म्हणून सारवासारव करेपर्यंत त्याने आम्हाला बाहेर काढलं.

पार्किंगमध्ये मंदार तोंड वाकडं करून म्हणतो, "छे! सिनेमात किती नॅचरल किंचाळायची. आता पार ओव्हरॲक्टिंग करते."