परक्या देवाचा नवस

नाव : बायजा धुळाजी कोकरे, वय ५८ वर्षे, धंदा : शेती व शेळ्या-मेंढ्या पाळणे, राहणार जांबे, ता. मुळशी, जि. पुणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा सिद्धनाथ व सून पल्लवी असे राहतो. घराचा वरचा मजला आम्ही कोरियाहून आलेल्या सुन्मी नावाच्या बाईला व तिच्या नवऱ्याला भाड्याने दिला आहे. नवरा हिंजवडीत नोकरीला आहे. ती घरीच असते. मी तिला सुमी म्हणते.

सुमी ख्रिस्ती आहे. भाजीवाला असो, वॉचमन असो, दिसेल त्याला ती हात जोडून येशूची गोष्ट सांगते. मराठी मोडकीतोडकी. लोक ऐकून घेतात, हसतात आणि आपल्या कामाला लागतात. मलाही सांगितली. मी तिला आमच्या बिरोबाची सांगितली, देवळातही नेले.

पल्लवीला दोनदा दिवस राहून मूल हाती लागले नव्हते. तिसऱ्या खेपेस सुमीने विचारले, "मी प्रार्थना करू?" पल्लवी हो म्हणाली. सुमीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बोलता बोलता रडायला लागली. सख्खी नणंदही इतकी रडली नसती.

मी सुमीला विचारले, "तुज्या देवाला काय चालतं? बकरं का पुरणपोळी?" ती म्हणाली, "काही नको. फुकट." मला ते पटले नाही. असा कुठला देव असतो? मी मनातल्या मनात तिच्या देवाला नवस बोलून टाकला की, मूल सुखरूप झाले तर सवाष्णी जेवू घालीन आणि ढोल लावीन. सुमीला यातले काही सांगितले नाही.

पल्लवीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. गेल्या रविवारी मी नवस फेडला. नवस ज्या देवाचा त्याच्याच दारात फेडायचा असतो, म्हणून सवाष्णी व ढोलवाले घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. सुमीच्या भिंतीवर क्रूस आहे, त्याच्यापुढे नारळ फोडला. सुमीची ओटी भरली. तिच्या कपाळाला बिरोबाचा हळदीचा भंडारा लावला, तोही न विचारता. ती गांगरली होती, पण हसत होती.

शेजारच्या सोसायटीतील शेखर यांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि परदेशी बाई गावातल्या बायका जमवून त्यांना बाटवते, अशी तक्रार दिली. बायका मी बोलावल्या होत्या. स्वयंपाक माझा होता. सुमीने कुणाला पैसे, पुस्तक असे काही वाटले नाही, उलट तीच आमचे जेवली.

आज घरून निघताना सिद्धनाथ म्हणाला, "आये, ती देवाचं कायबी बोलत न्हवती, आसं सांग. न्हाईतर तिला देशाबाहेर काढतील." मी वर जाऊन सुमीला म्हणाले, "मी खोटं सांगते, तू गप ऱ्हा." तिने माझा हात धरला. म्हणाली, "आई, खोटं नको. मी येशूचं सांगते. मी सगळ्यांना सांगते." मला तिचा राग आला, अजून आहे. बाळाच्या पायाचे मुके घेऊन ती खाली उतरली आणि माझ्याबरोबर इथे आली. आत्ता बाहेर बाकावर बसली आहे.

साहेबांनी विचारले, ती येशूचे सांगत होती का? व्हय, सांगत होती. निघताना रोजच्या सवयीने मी कपाळाला भंडारा लावला. तो लावून खोटे बोलता येत नाही.

मीही तिला बिरोबाचे सांगितले, भंडारा लावला, तेही लिहा असे मी म्हणाले. साहेब म्हणाले, "मावशी, त्याची कुणाची तक्रार नाही." मी म्हणाले, "तरीबी लिवा."

हा जबाब मला वाचून दाखवला, मी नीट ऐकला. मी बोलले तसाच लिहिला आहे. त्यात खोटे काही नाही, त्याचेच मला वाईट वाटते.

(बायजा धुळाजी कोकरे यांचा अंगठा)