मिस्येच्या लोटोचा पंप

आमचं गाव ब्रीझे वेर्दिएर, ह्या बेटावर फ्लाकच्या अंगाला. मी तिथलाच, माझा बापूस तिथलाच, बापसाचा आजा तेवढा जहाजातून आला, रत्नागिरीकडचा बोलतात, पण गाव कुठलं ते ठाव नाय, कागदात लिवलंय ते असं फ्रेंच करून लिवलंय की तुमच्यासारख्या मास्तरालाही वाचता यायचं नाय. तो उसात गेला, त्याचा पोर उसात गेला, माझा बापूस मात्र इस्टेटीच्या बैलगाडीवर लागला, ऊस भरायचा आणि कारखान्यात नेऊन टाकायचा. त्याची गाडी कधी वाटेत बसली नाय, हे मी त्याचा पोर म्हणून नाय सांगत, सगळ्या फ्लाकात माणसं बोलायची.

आता ती का बसत नव्हती ते त्याला इचाराल तर तो एकच बोलायचा, नव्या आसाला पहिलं तेल देवाचं. आमच्याकडं अंगणातल्या माडाचा नारळ गणपतीपुढं ठेवायचे, मंग त्याचं तेल घरीच काढायचं, आणि ती बाटली देव्हाऱ्यात वेगळी राहायची, डोक्याला लावायची नाय, फोडणीला घ्यायची नाय. गाडीला नवा आस, म्हणजे चाकांमधला दांडा, बसला की घरातल्या वडील माणसानं त्यातलं तेल त्याला सोडायचं, गणपतीचं नाव घ्यायचं, मंगच बैल जुंपायचे. ही रीत कोकणातून आली का इथंच कोणी काढली ते मला इचारू नका, मी मेकॅनिक माणूस.

मेकॅनिक माणूस बोललो खरा, पण त्या मेल्यांनी मला मेकॅनिक होऊ दिलं नाय, तेच तर सांगायला बसलोय.

मी डायव्हर होतो. मिस्येचा डायव्हर. मिस्ये म्हणजे इस्टेटीचा गोरा साहेब, त्याला नाव होतं पण आम्ही सगळे मिस्येच बोलायचो. मोठ्या सिक्लोनाला, त्या वादळाला, दोन-एक वर्सं झाली असतील, त्यानं एक अमेरिकन लोटो आणली, लोटो म्हणजे मोटार हो, आम्ही इथं लोटोच बोलतो. काय सांगू तुम्हाला, एवढी लांब, एवढी जड, पण स्टेअरिंग एका बोटानं फिरायचं. का, तर इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो, तो तेल दाबतो, ते तेल स्टेअरिंगला जोर देतं. आणि एक दिवस तो पंप कण्हायला लागला, मंग रडायला लागला, मंग गप झाला, आणि ती लोटो वळवायची म्हणजे माझ्या खांद्यांची हाडं मोकळी व्हायची. नवा पंप जहाजानं यायला तीन महिने लागले. तीन महिने मी ती लोटो छातीनं वळवली, मागं बसलेल्या मादामला, मिस्येच्या बायकोला, कळलंसुद्धा नाय.

पंप आला. आता बसवणार कोण? इस्टेटीच्या वर्कशॉपात शेफ होता, म्हणजे तिथला मुकादम, तोही गोरा, मादामचा लांबचा भाऊ. तो बोलला, हे आपलं काम नाय, पोर लुईला पाठवा, बंदराच्या मोठ्या शहरात. त्याला येत नव्हतं, सरळ सांगतो. मी लोटोबरोबर आलेल्या पुस्तकातली चित्रं बघून बघून पाठ केलेली, इंग्लिश वाचता येत नव्हतं, चित्रं तर दिसतात ना? मी बोललो, मिस्ये, मी बसवतो. मिस्येनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि बोलला, बसव, पण वर्कशॉपात नको, शेफला वाईट वाटेल, तुझ्या घरी ने. आणि लोटो क्युरपिपला जाऊन धड परत आली तर तुला वर्कशॉपात घेतो. हे त्याचे शब्द. माझ्या कानांनी ऐकले, आणि बाजूला माळी झाडं छाटत होता त्यानंही ऐकले. वर्कशॉपात आमच्यातली माणसं झाडू मारायला होती, हमाली करायला होती, पाना हातात घेऊन कोणी नव्हता. मी पहिला होणार होतो.

तर लोटो आमच्या अंगणात, लिचीच्या झाडाखाली. सगळं गाव बघायला. मी पट्टा सोडला, दोन्ही नळ्या सोडल्या, बोल्ट काढले, जुना पंप हातात आला. आता त्याच्यावरची पुली काढून नव्यावर घालायची, आणि ती घट्ट बसलेली असते, ती हातोड्यानं ठोकली तर आतली दांडी वाकते, पंप मेला. ती ओढूनच काढावी लागते. ओढायचं हत्यार वर्कशॉपात होतं, शेफनं दिलं नाय. मंग मी काय केलं, बापसाच्या जुन्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा घेतला, त्याला तीन भोकं पाडली, मधून लांब बोल्ट घातला आणि अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं ओढली पुली, एक ओरखडा नाय. दाखवा मला पोर लुईत कोणी केलं असतं!

बापूस बाजूला स्टुलावर बसून बघत होता. मला बोलला, हा फिरतो तो आस काय रे? मी घाईत होतो, बोललो, होय बापू, आसच समज. येवढंच बोललो मी. जीभ तिथंच चावायला हवी होती.

नवा पंप बसला, तांबडं तेल भरलं. आता ह्यात कसं असतं, तेल भरलं की पुढची चाकं उचलून स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आतली हवा निघते, तेल खाली बसतं, मंग वरून परत भरायचं. ते फिरवून झालं, तेल पार खाली गेलं, आणि आवस हाका मारायला लागली, जेव बाबा, सकाळपासून उपाशी हायस. मी झाकण तसंच उघडं ठेवून जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर तेल वरपर्यंत, झाडाच्या सावलीत रंग काय कळला नाय. मला वाटलं मीच भरून गेलो. तांबड्या तेलाचा डबा उचलला तर जड लागला, तेव्हाही डोक्यात पेटलं नाय, बोललो, मिस्येनं तेल जास्तच दिलंय, आणि डबा डिकीत टाकला. ही माझी चूक. मी माझी चूक लपवत नाय, मला येते कबूल करायला.

जुलय महिना होता, आमच्या इथला थंडीचा. दुसऱ्या दिवशी मिस्ये आणि मादाम क्युरपिपला निघाले, मादामच्या बहिणीकडं मुक्कामाला. वाटेतलं सें पिएर गाव मागं पडलं तरी लोटो लोण्यासारखी, एका बोटानं वळते, मिस्ये मागून बोलला, बों. बरं. त्या एका शब्दानं माझी छाती फुगली बघा.

आता तुम्हाला क्युरपिपची थंडी ठाव हाय, गाव पार उंचावर. आमच्या फ्लाकात जुलयात अंगात सदरा नको आणि तिथं दात वाजतात. लोटो उघड्यावर राहिली. सकाळी ते चर्चला निघाले, मी इंजिन चालू केलं, स्टेअरिंग फिरवलं, आणि पंप असा किंचाळला की मादामनं कान धरले, स्टेअरिंग जागच्या जागी अडलं आणि लोटो सरळ जाऊन फाटकाच्या खांबाला टेकली. पुढचा दिवा गेला. मिस्ये उतरला, मला बोलला, काय केलंस तू? मी झाकण उघडलं. आत पांढरं, थिजलेलं. बोट घातलं, वास घेतला. खोबरेल. आमच्या देव्हाऱ्यातलं.

मी जेवत होतो तवा बापसानं रीत पाळली होती. पोराची पहिली लोटो, नवा आस, पहिलं तेल देवाचं.

मी बाह्या सारल्या. आचारणीकडून गरम पाणी घेतलं, पंपावर, नळ्यांवर ओतलं, नळी सोडून सगळं काढलं, डिकीतलं तांबडं तेल भरलं, पुन्हा हवा काढली. एका तासात लोटो तयार. त्यांचं चर्च चुकलं, पण त्याच लोटोतून मी त्यांना ब्रीझे वेर्दिएरवरून घरी आणलं, एका बोटानं वळवत. जाऊन धड परत आली का नाय सांगा तुम्ही? दिवा सोडा, दिवा मी भरून दिला असता.

तर दुसऱ्या दिवशी शेफनं सगळ्यांसमोर झाकण उघडलं. कडेला थोडं पांढरं राहिलं होतं, ते बोटावर घेतलं, हुंगलं, आणि बोलला, हे मालबार डोक्याचं तेल लोटोच्या डोक्याला लावतात. मालबार म्हणजे आम्ही, जहाजातून आलेल्यांची पोरं, मंग कोकणातले का असेनात, आम्हा सगळ्यांना ते त्याच नावानं हाक मारायचे. सगळे हसले. आमचे झाडूवालेही हसले, ते मला जास्त लागलं. मिस्ये बोलला, तू डायव्हर बरा हायस. झालं. संपलं.

आणि मी काय केलं? मी घरी आलो आणि बापसाशी बोलणं टाकलं. त्यानं इचारलं, कशी चालली रे लोटो? मी बोललो, चालली. त्यानंतर शब्द नाय. तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर ताटावर बसायचा आणि मी भिंतीकडं बघून जेवायचो. आवस इचारायची, काय झालं रे तुला, मी बोलायचो, काय नाय. चार महिने.

आता पुढचं ऐका, इथं माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. चार महिन्यांनी शेफला वाटलं, पंप काढून एकदा धुवावा. काढला, आणि पुली निघेना तर घेतला हातोडा आणि ठोकली. दांडी वाकली, पंप गेला. जहाजानं आलेला नवा कोरा पंप! मिस्ये आला, मी तिथंच उभा, आता काय बोलतो बघू बोललो मनात. मिस्येनं पंप बघितला, शेफच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलला, सा आरिवे. होतं असं कधी कधी. शेफची चूक झाली ती एकट्या शेफची, ती दुपारच्या जेवणापर्यंत विसरली. माझी झाली ती सगळ्या मालबारांची, ती चार महिने पुरली आणि वर उरली.

त्या दिवशी घरी येऊन मी फुटलो. बापसाला नको ते बोललो. बोललो, त्या हातोडेवाल्याला माफी हाय, आणि मला तुमच्या बाटलीनं खाल्लं, तुमच्या देवाच्या तेलानं माझं नशीब थिजवलं. बापसाला ठावच नव्हतं. चार महिने त्याला वाटत होतं पोर कामानं थकतं, म्हणून बोलत नाय.

दुसऱ्या सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं आणि चालत गेला मिस्येकडं. जन्मात कधी त्या बंगल्याच्या पुढच्या दारी गेला नव्हता, बैलगाडीवाल्याला मागचं दार. पुढच्या दारी उभा राहिला आणि बोलला, मिस्ये, तेल मी ओतलं, पोराला ठाव नव्हतं, काय शिक्षा करायची ती मला कर आणि त्याला वर्कशॉपात घे. आणि मिस्ये काय बोलला ठाव हाय? हसला, बोलला, म्हाताऱ्या, तेल ओतलं असतंस नसतंस, वर्कशॉपात तुमच्यातला माणूस मी घेणारच नव्हतो, शेफ काम सोडून गेला असता. मला लोटो नीट करून हवी होती, म्हणून बोललो.

बापूस उन्हातून परत आला, पायरीवर बसला, पागोटं सोडून मांडीवर घेतलं आणि मला बोलला, तेल नव्हतं रे. तेल नव्हतं. त्याला बरं वाटत होतं, बघा! त्याच्या हातून पोराचं वाईट झालं नाय म्हणून म्हाताऱ्याला बरं वाटत होतं. मला तिथं पाय धरायचे होते, धरले नाय, लाज वाटली. बोललो, चला, जेवण निवतंय.

मी ती डायव्हरकी सोडली आणि त्याच लिचीखाली माझं काम मांडलं. आता नातू बघतात. मोठ्या मोठ्या लोकांच्या लोटो येऊन उभ्या राहतात, मी खुर्चीत बसून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि कुठं काय हाय ते सांगतो. पोट भरलं, पोरं शिकली, देवाला नावं ठेवायला मला जागा नाय. वर्कशॉपात घेतलं नाय त्याचा राग तर केव्हाच गेला, झालं ते बरंच झालं बोलतो मी.

पण बापूस पुढच्याच जानेवारीत गेला. जुलयापासून धरा, सहा महिने होते त्याच्याकडं. त्या सहांतले चार मी भिंतीकडं बघून घालवले, मिस्येच्या खोट्या शब्दापायी, जो बोलताना तो एकदा अडखळलासुद्धा नाय. मास्तर, ह्या वयात माणसानं सगळ्यांचं भलं चिंतावं बोलतात. तुमचं चिंततो, तुमच्या पोराबाळांचं चिंततो, त्या हसणाऱ्या झाडूवाल्यांचंही चिंततो. मिस्येचं नाय चिंतत. असंच लिवा, गोड करू नका.