चौदा चाली

दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सारिकाला हौस नव्हती. पण जळगाव स्टँडवर धुळ्याची गाडी काही लागत नव्हती, आणि मागच्या बाकावरचे आवाज खणखणीत होते. ज्येष्ठांची बुद्धिबळ स्पर्धा खेळून आलेला एक म्हातारा, आणि त्याला गाडीत बसवून द्यायला आलेली त्याची थोरली बहीण.

“पाचच्या पाच डाव हरलास, अभिमन?”

“पाचही. पण सुरुवात माझीच सरस होती, अक्का. समोरचे विचारत होते, हे ओपनिंग कुठे शिकलात?”

“मग घोडं कुठे पेंड खातं?”

“पंधराव्या चालीला. तिथून पुढे मला येतच नाही.”

“तीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत नूर महंमदसोबत खेळत होतास की!”

“जेवणाच्या सुट्टीत. चौदा चाली झाल्या की भोंगा वाजायचा. सोंगट्या डब्यात टाकायच्या अन् कामाला पळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.”

“एकही डाव पुरा केला नाही?”

“तो म्हणायचा, रिटायर झालो की एक डाव शेवटपर्यंत खेळू. हारतुरे घेऊन घरी गेला, अन् आठवड्यात संपला.”

“आता पुरे कर रे बाबा. लोक हसतात.”

“रविवारी धुळ्याला आहे. नाव दिलंय.”

“पुन्हा हरायला?”

धुळ्याची गाडी लागली. सारिका उठली नाही.

“चौदा चालींपर्यंत समोर तोच बसलेला असतो, अक्का.”

“आणि मग?”

“मग मान वर करतो, तर कोणी दुसराच असतो.”