पिंपाच्या पाण्यावर देवगड

चोवीस मे दोन हजार दोन, शुक्रवार. तारीख पक्की ध्यानात हाय, कारण बोटीच्या तळातल्या व्हॉल्व्हला ग्रीस भरायचं काम दर महिन्याच्या चौथ्या शुक्रवारी ठरलेलं, आणि ते मीच करायचे. बोट मालवणला नांगरलेली होती. बोट म्हणजे आमचं घरच की. चूल, अंथरूण, वेल्डिंग मशीन, पान्यांची पेटी, सगळं तिच्यातच.

आता कोल्हापूरची बाई बोटीत कशी, हे आधी सांगायला पाहिजे, सगळेच विचारतात. मी उचगावची. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि घरात एक नियम केला, पोरगा असो की पोरगी, हातात कसब पाहिजे. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, फौंड्रीत ओतकाम करायचे. मी आयटीआयला टर्नर केलं, वर्गात एकटी मुलगी, पण लेथवर माझा हात बसला तो बसलाच. आमचे मालक, म्हणजे नवरा, सुधाकर वेल्डर, उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. एकदा मालवणला लग्नाला गेलतो, तिथं बघितलं तर मच्छीमारांच्या बोटींत इंजिनं आमच्याच कोल्हापूरकडची, आणि बंद पडली की मिस्त्री मिळायची मारामार. परत येताना एसटीत हे म्हणाले, आपण वर्कशॉपच पाण्यात घालूया. मी म्हटलं, पोहायला तर येतंय काय? म्हणाले, पंचगंगेत शिकलोय की.

काय सांगू तुम्हाला, पाच वर्षं आम्ही उचगावात शेडमधी ती बोट बांधली, सगळी लोखंडी प्लेटची. राजारामपुरीत फ्लॅट बघून ठेवलेला, तो राहिला बाजूला. समुद्र कुठं, आम्ही कुठं, मधी अख्खा घाट. येणारा-जाणारा थांबायचा, वहिनी, पंचगंगेला पूर यायची वाट बघताय व्हय? दुसरा म्हणायचा, अरं सुधाकर, ट्रॉलीला चाकं लावायची विसरलास की रं. हसू दे म्हटलं. नव्याण्णव साली ट्रेलरवर घालून घाट उतरवली, पाण्यात सोडली आणि ती तरंगली. त्यानंतर मालवण ते रत्नागिरी, ज्या बंदरात इंजिन बंद पडलं तिथं आम्ही.

तर तो व्हॉल्व्ह. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, त्यासाठी तळाच्या प्लेटला भोक आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह. तो दादांनी स्वतः ओतलेला, गनमेटलचा, म्हणजे पितळेच्याच जातीचा. बाजारातला नको म्हणाले, चाळीस वर्षं टिकंल असा देतो. मी तो लेथवर असा घासला की आरशासारखा दिसायचा, आणि मधी रबर न्हाय, पॅकिंग न्हाय, थेट प्लेटवर आवळला. फौंड्रीतली माणसं आम्ही, धातूला धातू चोख बसला की आमच्या लेखी काम झालं.

त्या शुक्रवारी ग्रीस भरून पाना लावला, तर व्हॉल्व्ह प्लेटसकट हलला. स्क्रूड्रायव्हर टेकवून बघितला. व्हॉल्व्ह टणक, पण भोवतीची प्लेट भिजलेल्या पापडासारखी, आणि कडेनं पाणी पाझरत होतं.

किनाऱ्यावरून बाबल तांडेलांना बोलावलं. साठीचा माणूस, जन्म समुद्रावर गेलेला. वाकून बघितलं आणि म्हणाले, गो बाय, लोखंडाक पितळ लावलंस? खाऱ्या पाण्यात ह्या दोघांचा जमणा नाय. पितळ रवता, लोखंड जाता. दर्यो म्हणजे मोठी बॅटरी गो. आम्ही दोन वर्षं त्यांच्या शेजारी नांगर टाकत होतो, पण तळात वाकून बघा असं कधी म्हटलं न्हवतं. आम्ही कोल्हापूरचे मिस्त्री, आम्हाला कोण शिकवणार?

वर हवा फिरलेली. दक्षिणेकडनं लाट लांब-लांब यायला लागलती. मालवणची ती नांगर टाकायची जागा उघड्यावरची, पावसाळी वाऱ्यात तिथं बोट राहत न्हाय. देवगडचं बंदर डोंगराआड, तिथं निवारा, पण पाच-सहा तासांची वाट. बाबलकाका म्हणाले, दुपारी सुटा, नायतर हंयसरच बुडशात. त्यांची होडी आदल्याच दिवशी वाळूवर ओढलेली, ओढून न्यायला दुसरी कुणाची पाण्यात न्हवती. आणि आमची वाळूवर ओढायची म्हटलं तर उसाच्या ट्रॉलीवाल्यानं बांधलेली, अख्ख्या गावाला हलली नसती.

सुधाकर वर जाऊन बसले. म्हणाले, वेल्डिंग मशीन उतरवू, पेटी उतरवू, बोट जाऊ दे. घरी जाऊ. लोक हसतील चार दिवस.

मी म्हटलं, हसायचं बघू नंतर, आधी सिमेंट आणा.

व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्याभोवती फळ्यांची चौकट ठोकली, फटीत चिंध्या कोंबल्या आणि आत सिमेंट ओतलं. बाबलकाकांनी सांगितलं, त्यात धुण्याचा सोडा घाल, लवकर आवळता. घातला. बाराच्या सुमाराला पाझर थांबला. पण आता दुसरीच अडचण. व्हॉल्व्ह सिमेंटात, म्हणजे इंजिनाला पाणी न्हाय, आणि पाण्याशिवाय ते पंधरा मिनिटांत तापून जाम झालं असतं. सुधाकर म्हणाले, बघ, झालं का समाधान?

मला राग आला, पण रागातच सुचलं. शेतावरच्या इंजिनाजवळ कुठं समुद्र असतो हो? पिंप असतं. पिंपातलं पाणी इंजिनात जातं, तापून पिंपात येतं. लहानपणापासून बघितलेलं. प्यायच्या पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप होतं, ते इंजिनाजवळ आवळून बांधलं, पंपाची नळी त्यात सोडली, बाहेर पडणारी पण त्यातच सोडली. म्हटलं, आता तुम्ही बादलीनं समुद्राचं गार पाणी आत ओता आणि तापलेलं बाहेर फेका, देवगडपर्यंत. ते म्हणाले, आणि सुकाणू? सुकाणू बाबलकाका धरतील. त्यांना विचारलं न्हवतं अजून. ते आधीच चपला काढून आत बसलेले.

एकला निघालो. मी इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून बसले. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर ठीक, न्हाय टिकला तर ओरडायचं, टाका. आचऱ्यापुढं लाटा आडव्या लागायला लागल्या, पिंप कलंडलं, नळी सुटली आणि उकळतं पाणी माझ्या पायावर. पाय गेला तेल लावत, आधी नळी तारेनं आवळली. पिंपात निम्मं पाणी राहिलेलं. टाका, टाका, मी ओरडत होते, आणि हा माणूस बादल्या ओतत होता, हाताची सालं निघाली तरी. मधीच म्हणाला, पाणी घालायला उसाचा फड बरा होता की गं. तेव्हा मला कळलं, ह्यांनी बोट सोडायचा विचार सोडला.

दिवस मावळायच्या आत देवगडचं दीपगृह मागं टाकलं, डोंगराआड शिरलो आणि लाट एकदम बसली. भरतीच्या पाण्यावर बोट चिखलात घातली. बाबलकाका म्हणाले, बाय, तुझ्या बापाशीक सांग, व्हॉल्व्ह बरो ओतलो हा. चुकीच्या ठिकाणी बसवलो इतकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला बोट कोरडी पडली. पायाला फडकं बांधलं, छिन्नी-हातोड्यानं सिमेंट फोडलं आणि व्हॉल्व्ह बाहेर काढला, त्याच्याबरोबर प्लेटचा एवढा मोठा घेर गळून आला आणि भोकातून खालचा चिखल दिसला. मापं घेतली, भरती यायच्या आत भोकावर फळी दाबून सिमेंट घातलं, व्हॉल्व्ह पिशवीत घातला. सुधाकरांना म्हटलं, दादांना हा दाखवते, आता प्लेटशी जमंल असा पोलादाचा करून आणते, मंगळवारी येते, तोवर सगळा तळ खरवडून ठेवा. आणि कोल्हापूरची एसटी धरली.