इंदूताईंना कॉफी कडू लागायची

मंडळी, पूर्वरंगात आपण श्रवणभक्तीचा विचार केला. नऊ प्रकारच्या भक्तीत पहिला मान श्रवणाचा. का हो? बोलणं सोपं आहे, ते मी पोटासाठी करतो. ऐकणं अवघड. म्हणून आख्यानाला लागण्याआधी एकच विचारतो. घरातलं माणूस खरं बोललं, आपण ते आपल्या कानांनी ऐकलं, शब्द न् शब्द ऐकला, वर लिहूनसुद्धा ठेवला — तर त्याला ऐकणं म्हणायचं का?

माना हलल्या. काही होकारार्थी, काही नकारार्थी. पुढच्या काकू तर दोन्हीकडे हलवताहेत. असू द्या. ऐका.

आज पुराणातली कथा नाही. राजा नाही, राक्षस नाही. कराडच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली गोष्ट आहे. ज्यांची आहे त्यांनीच मला सांगितलं, की बुवा, नाव घेऊन सांगा. आणि या गोष्टीत एका ठिकाणी मी स्वतः आहे. ते ठिकाण आलं की सांगेन.

मोरेश्वर हळबे. जलविद्युत केंद्रात एकतीस वर्षं नोकरी, मीटर आणि गेजच्या विभागात. दाब किती, तापमान किती, पाण्याची पातळी किती — हे दाखवणारी यंत्रं खरं सांगताहेत की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. सरळ माणूस. ना तंबाखू, ना पत्ते. पत्नी इंदुमती, त्यांना सगळे इंदूताई म्हणायचे. बोलणं कमी, पण जीभ अशी की आमटीतला गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा ते ओळखतील. एकच मुलगी, केतकी, बेंगळुरूला नोकरीला.

वडिलांच्या सत्तरीला केतकीनं कॉफीचं मशीन पाठवलं. एस्प्रेसो! गणपतीच्या आधी आठ दिवस घरात आलं. केवढं म्हणाल? आपल्या देवघराएवढं. आणि हळबे देवघरापेक्षा जास्त वेळ त्याचीच पूजा करायचे. पुसायचं, जाळी घासायची, वाफेची नळी साफ करायची.

या मशीनला वरच्या अंगाला बिया दळायची छोटी चक्की होती. चक्कीला एक चकती, तिच्यावर एक ते सोळा आकडे. एक म्हणजे मैद्यासारखी पूड, सोळा म्हणजे जाडा रवा. हसू नका, यात शास्त्र आहे. पूड फार बारीक झाली तर पाणी तिच्यातून जाता जात नाही, रेंगाळतं, आणि नको ते सगळं घेऊन खाली उतरतं. कॉफी कडू. पूड जाडी झाली तर पाणी धावत सुटतं. कॉफी पाणचट, आंबट. यातला मधला आकडा सापडायला हवा. पाणी पंचवीस-तीस सेकंदांत उतरलं की जमलं. बरं, तो आकडाही कायमचा नाही. हवा दमट झाली, बिया शिळ्या झाल्या, की सरकतो. आमच्या तबलजींना विचारा, पावसाळ्यात त्यांची काय तारांबळ होते ती.

निवृत्त माणसाला हातात काम मिळालं. हळब्यांनी वही सुरू केली. तारीख, चकतीचा आकडा, सेकंद, आणि शेवटचा रकाना — 'इंदूचं मत'. बायकोच्या मताला स्वतंत्र रकाना देणारे नवरे या मंडपात किती आहेत? हात वर करू नका, तुम्हाला घरी जायचंय.

रोज सकाळी साडेसहाला कप पुढे ठेवायचा आणि विचारायचं, "कशी झालीय?" पहिला महिना-सव्वा महिना उत्तर यायचं, छान. वहीत लिहिलं जायचं, छान. मग दसऱ्याच्या सुमाराला एके सकाळी इंदूताई म्हणाल्या, "कडू लागतेय."

हळब्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट हुरूप आला. कडू म्हणजे पूड बारीक. आकडा पाचाचा सहा केला. दुसऱ्या दिवशी, कडू. सात. कडू. बिया बदलल्या, चिकमगळूरहून ताज्या मागवल्या. पाणी बदललं. केतकीला फोन केला, तिनं सांगितलं की पूड कमी घालून बघा. घातली. कडूच. नऊ झाला, दहा झाला. दहाला तर पाणी बारा सेकंदांत खाली. हळब्यांनी स्वतः घोट घेतला तर ताकासारखी आंबट! त्यांचं तोंड वाकडं झालं. आणि समोर इंदूताई म्हणताहेत, कडू.

मंडळी, इथे थांबू या. नवऱ्याला आंबट लागतेय, बायकोला कडू लागतेय. एकाच भांड्यातली कॉफी. तुम्ही काय म्हणाल?

हळब्यांच्या खात्याचा एक नियम होता, नव्या पोरांना ते स्वतः शिकवायचे. गेजनं वाईट बातमी दिली तर आधी ती खरी धरायची. काच टकटकवत बसायचं नाही. आधी पळत जाऊन यंत्र बघायचं, गेज बिघडलाय का ते मागाहून. या नियमानं एकदा अख्खं जनित्र वाचलं होतं, त्याचं प्रशस्तिपत्र त्यांच्या हॉलमध्ये लावलेलं होतं. आणि घरात? घरात त्यांनी काच टकटकवली. चिडून म्हणाले, "इंदू, दोष कॉफीत नाही. तुझी जीभ बिघडलीय."

ऐकलंत? अचूक निदान होतं ते. पुढे जे डॉक्टरांनी सांगितलं, तेच. दोन महिने आधी, स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या तोंडून निघालं. पण टोमणा म्हणून निघालं. आणि टोमणा मारणारा स्वतःचे शब्द ऐकत नसतो.

इंदूताईंना कडू फक्त कॉफी लागत होती असं नाही. भाकरी नकोशी झाली होती. संध्याकाळी पाय सुजायचे, पायमोज्याचा वळ उठायचा. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या. हे त्यांनी सांगितलं का नाही? मीही विचारलं तसं नंतर. त्या म्हणाल्या, मला रोज कॉफीचं विचारायचे, मी कॉफीचं सांगायचे. मंडळी, 'कशी झालीय' आणि 'कशी आहेस'! दोन्ही प्रश्न तेवढेच लांब, दोन्हींना सारखाच श्वास लागतो. जवळजवळ पाच महिने त्या घरात पहिला रोज विचारला गेला. दुसरा एकदाही नाही.

आता मी येतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवाला माझं पाच दिवस कीर्तन होतं कराडला, आणि उतरायची सोय हळब्यांकडे. पहिल्याच सकाळी मला मशीन दाखवलं, वही दाखवली. मी भारावलो. मग तीन कप आले. हळबे म्हणाले, बुवा, तुम्ही तिऱ्हाईत आहात, आज तुम्हीच निवाडा करा. रोज मला ऐकावं लागतंय की कॉफी कडू आहे.

मी घोट घेतला. उत्तम होती हो! त्या दिवशी आकडा परत सातावर आणलेला होता, सत्तावीस सेकंद. मला टाळ्या घ्यायची सवय, मंडपात असो की स्वयंपाकघरात. मी कप वर धरला आणि म्हणालो, "वहिनी, ही ज्याला कडू लागेल त्याला अमृतही कडू लागेल."

हळबे खूप हसले. मी हसलो. इंदूताईही हसल्या. पदरानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "मग माझंच चुकत असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या 'छान' म्हणायला लागल्या. हळब्यांनी सातावर शाईची खूण केली. पाच दिवस मी त्यांच्याकडे राहिलो, रोज समोर बसून कॉफी प्यायलो. रात्री देवळात निरूपण कशावर होतं माझं? श्रवणभक्तीवर. हेच. आत्ता तुमच्यापुढे केलं तेच.

माघ उजाडला. केतकी चार दिवसांच्या रजेवर आली. दारातच आईचा चेहरा बघून तिनं बॅग खाली ठेवली. चेहरा सुजलेला, श्वासाला वास. आई, तुला काय होतंय, असं तिनं विचारलं, आणि इंदूताई म्हणाल्या की काही नाही, जरा थकायला होतं. केतकीनं ऐकलं नाही. त्याच दुपारी दवाखाना, रक्ताची तपासणी, आणि अहवाल येताच मोठ्या रुग्णालयात हलवलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी विचारलं, तोंडाची चव कशी असते? इंदूताईंनी नवऱ्याकडे बघितलं. हळबे म्हणाले, कडू. कधीपासून? दसऱ्यापासून. नक्की? नक्की, म्हणाले, माझ्याकडे लिहिलेलं आहे.

आणि तो माणूस रिक्षानं घरी गेला आणि वही घेऊन आला. डॉक्टरबाई पानं उलटत गेल्या. कडू. कडू. कडू. अडुसष्ट दिवस कडू. त्यांनी सांगितलं की रक्तातली घाण बाहेर पडेनाशी झाली की काहींच्या तोंडाला अशी चव येते. मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "इथून पुढे रोज छान लिहिलंय. मध्ये बरं वाटलं होतं का?"

केतकी आईकडे बघतेय, हळबे जमिनीकडे. शेवटी इंदूताई म्हणाल्या, "नाही. त्या दिवशी आमच्याकडे बुवा आले होते."

मंडळी, पुढचं लवकर सांगतो. मला रेंगाळायचं नाही. हळब्यांनी विचारलं की तेव्हाच आणलं असतं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही, पण औषधांवर काही वर्षं निभावली असती असं वाटतं. आता डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दिवसभराचं पाणीही मोजून, तहान लागली तर बर्फाचा खडा.

हळब्यांनी हे सगळं मला फोनवर सांगितलं. अगदी क्रमानं, तारखांसकट. एका शब्दानं दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दत्तजयंतीला मला पुन्हा बोलावणं आलं. मी उतरलो दुसरीकडे, पण पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. इंदूताई आरामखुर्चीत होत्या. डाव्या हाताची शीर फुगलेली, सुईच्या खुणांनी काळी पडलेली. मी हात जोडले. म्हणालो, वहिनी, त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं त्याची माफी मागायला आलोय.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला खरंच छान लागली होती ना? मग तुम्ही खोटं बोलला नाहीत. मीही बोलत नव्हते."

एवढंच. क्षमा केली असं म्हणाल्या नाहीत. मी वाट बघितली, खोटं कशाला सांगू. नाही म्हणाल्या.

तेवढ्यात हळबे आतून आले. वाळले होते. खुर्चीशी गुडघ्यावर बसले, त्यांच्या पायावरून हात फिरवला, सूज बघितली, आणि अगदी हळू विचारलं, "इंदू, कशी आहेस?"

इंदूताई म्हणाल्या, "छान."

मला दारापर्यंत पोचवायला हळबे आले. जिन्यात म्हणाले, बुवा, दिवसातून वीस वेळा विचारतो. वीस वेळा हेच ऐकतो. पायाला गोळे येत असतात, तोंडानं छान. खरं सांग म्हणून पाया पडलो तिच्या. सांगत नाही. त्यानंतरच्या चैत्रात इंदूताई गेल्या. आदल्या संध्याकाळीही तेच सांगितलं.

रागानं नव्हे हो, मंडळी. त्या बाईच्या मनात राग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तिला एक उत्तर शिकवलं होतं, आणि ती शिकली.

आता तुम्ही. उद्या सकाळी तुमच्या घरात कुणीतरी म्हणेल, भाजी खारट झालीय. कुणी म्हणेल, पंखा फार जोरात आहे, आज उजेड टोचतोय. तुम्ही मिठाचा डबा उघडाल, पंख्याचं बटण फिरवाल, पडदा ओढाल. किंवा माझ्यासारखं काहीतरी झकास बोलून सगळ्यांना हसवाल. त्याआधी वळा. त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. आणि ते जे सांगतंय ते खारट, जोरात, टोचतंय — तेवढा एक क्षण खरं धरा.

कारण माणसं दुखणं सांगतात, मंडळी. सांगतात! पण फार दिवस सांगत नाहीत.

उठा. आरती करू.