दिवा कोणी लावला?

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान असलेले संचालक साहेब, सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतील सहकारी आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

चार गोड शब्द बोला, असं मला बजावलं आहे. प्रयत्न करतो.

आज जिला आपण निरोप देतो आहोत, ती माझी विद्यार्थिनी. मी पेशी शिकवायचो तीसुद्धा कवितेच्या चालीवर. केंद्रक म्हणजे राजवाडा, प्रथिनं म्हणजे दूत. अख्खा वर्ग डोलायचा. ही तेवढी हात वर करायची. म्हणून मुलं हिला शंकासुर म्हणत. "सर, दूताला राजवाड्याच्या दारात अडवतं कोण?" चाल तिथंच मोडायची.

त्या एका प्रश्नावर हिनं उमेदीची वर्षं घातली. प्रथिन घडतं एका दालनात, त्याचं काम असतं दुसऱ्यात, आणि मधल्या दारावर पहारा. हिचं प्रथिन अंधारात केंद्रकाबाहेर तिष्ठत उभं राहतं. उजेड पडला की काही मिनिटांत आत शिरतं आणि रोपाला सांगतं, ऊठ बाबा, उजाडलं, पानं उघड. काय सुंदर आहे हो हे! त्याला अंधारात बाहेर धरून ठेवतं कोण, हे ही शोधत होती. त्यासाठी रोपं बी रुजल्यापासून गडद अंधारात वाढवायची. त्या खोलीच्या दारावर पाटी होती: आत अंधार आहे, कृपया उघडू नये.

मंडळी, पाटी वाचता येत नाही अशी माणसं या संस्थेत नेमली जातात का?

संचालक साहेब पाहुण्यांना घेऊन आले, दार उघडलं, फोटोसाठी दिवा लावला. ही धावत आली. त्या दिवशी मी हिला भेटायला आलो होतो; साहेब काय म्हणाले, ते मी कोपऱ्यात उभा राहून ऐकलं आहे.

"अहो मॅडम, मिनिटभर दिव्यानं काय होतंय? रोपंच आहेत, लाजतात थोडीच!"

पाहुणे हसले. ही हसली नाही. आत दूत राजवाड्यात शिरत होते.

पुढे हिचं काम तपासणाऱ्या समितीनं पाहिलं, तर अंधारातल्या रोपांतही प्रथिन केंद्रकात. शेरा पडला, 'काम विश्वासार्ह नाही.' खाली सही साहेबांची. हिच्या नोकरीला मुदतवाढ नाकारली, म्हणून आजचा हा निरोप. ही सांगत राहिली, दिवा लागला होता. साहेबांना आठवेना. फोटो मात्र त्यांच्या दालनात भिंतीवर आहे, आणि त्यात उजेड भरपूर आहे.

अहो, पेशीसुद्धा खूण तपासल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. आपण खुर्ची बघितली की सोडतो.

आता दुसऱ्या संस्थेनं हिच्याबद्दल साहेबांचा अभिप्राय मागवलाय. तिथंही हाच शेरा गेला, तर हिचं काम संपलं. म्हणून हा पुष्पगुच्छ मी तिला देणार नाही. साहेब, हा तुम्ही घ्या, आणि या माइकवरून एकच वाक्य बोला: दिवा मी लावला होता. सभागृह साक्षीला आहे. तेच वाक्य अभिप्रायात लिहा.

आयोजकांचे आभार. माझ्यामुळे चहा निवला, त्याबद्दल श्रोत्यांनी मोठ्या मनानं क्षमा करावी. व्यासपीठाकडे मात्र मी क्षमा मागत नाही. साहेब बोलेपर्यंत मी इथंच उभा आहे. गुडघे दुखतात माझे, तेव्हा साहेब, जरा लवकर.